कळवायचं कोणाला, द्यायचं कोणाला

शिवणवालीने सकाळी उठल्या उठल्या समोरच्या खोलीतलं कपाट भिंतीकडे ढकललं, मोकळ्या झालेल्या जागेत खडूने चौकोन आखला आणि त्यात उभं राहून दोन उड्या मारल्या.

"फरशी पेलेल ना हो मशीनचं वजन?" तिने नवऱ्याला विचारलं.

"ग्रॉस की नेट?" नवरा बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला.

"मशीनचं."

"मशीनचं म्हणजे नेट. एकशे अकरा किलो. पेटीसकट विचारत असशील तर ते ग्रॉस, एकशे चाळीस. आधी काय विचारायचंय ते ठरव, मग विचार."

शिवणवालीने तिसरी उडी मारली. चोवीस वर्षांच्या संसारात अशा वेळी काय करायचं ते तिला ठाऊक झालं होतं.

नवरा देशोदेशी माल पाठवणाऱ्या आणि उतरवून घेणाऱ्या एका कंपनीत सव्वीस वर्षं कागदपत्रं करत होता. ऑफिसात त्याला 'बिनचूक' म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि तो ते कौतुक समजे. माल फुटो, भिजो, तिसऱ्याच बंदरात जाऊन पडो, बिनचूकच्या कागदात कधी चूक सापडत नसे. घरीही त्याचं हेच. लेकीने वसतिगृहातून फोन करून "बाबा, मी निघाले" म्हटलं की तो विचारी, "निघालीस म्हणजे खोलीतून, की स्टेशनातून? निघणं वेगळं आणि गाडी सुटणं वेगळं." लेक आता पोचल्यावरच फोन करायची.

ऑफिसातलं पिवळं चूक-पत्रक त्यानेच सुरू केलेलं. ज्याच्या हातून चूक झाली त्याने ते स्वतःच्या अक्षरात भरायचं. रकाने तीन: काय चुकलं, कोणाचं चुकलं, का चुकलं. भरलेलं पत्रक महिनाभर सूचना फलकावर. अकरा वर्षांत त्या फलकावर सगळे लटकून गेले होते, मॅनेजरबाई तर दोनदा. बिनचूक एकदाही नाही.

येणारं मशीन म्हणजे दूरदेशीच्या एका बंद पडलेल्या कपड्याच्या कारखान्यातून नवऱ्याच्याच कंपनीमार्फत मागवलेलं पाच धाग्यांचं ओव्हरलॉक, कडा पक्क्या शिवणारं, लोखंडी पायांच्या टेबलासकट. शिवणवालीला एका हॉस्पिटलने ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर घालतात ते गाऊन शिवायला दिले होते. तीनशे नग. साध्या मशीनची शिवण उकळत्या पाण्यात दोन-चार वेळा गेली की उसवते, म्हणून शिवण पाच धाग्यांचीच हवी, अशी त्यांची अट. ठरल्या तारखेला तीनशे पोचले तर वर्षभराचं काम तिचं. नाही पोचले तर एक मोठी कंपनी टपून बसलेलीच होती. खरेदी विभागातला माणूस तर तिच्यासमोरच म्हणाला होता, "घरात बसून शिवणारी बाई एवढं कुठलं करतेय." त्या दिवसापासून शिवणवालीने दातांवर दात घट्ट धरले होते. तीनशे गाऊन कापून झाले होते, दहा-दहाचे गठ्ठे पलंगाखाली रचून झाले होते. अकरा दिवस उरले होते आणि फक्त मशीन यायचं होतं.

दुपारी तिच्या फोनवर नवऱ्याच्या ऑफिसातून रीतसर निरोप आला: 'आपणांस कळवण्यात येते की पेटी पोचली आहे.'

तिने लगेच नवऱ्याला फोन लावला. "आली की हो! गाडी कधी पाठवताय?"

पलीकडून कागद उलटेपालटे केल्याचा आवाज आला.

"घरी येऊन बोलतो," नवरा म्हणाला.

शिवणवाली खडूच्या चौकोनातच खाली बसली. चोवीस वर्षांत हा माणूस घरी येऊन कधी बोलला नव्हता. जे काही असेल ते फोनवरच मुद्देसूद सांगून मोकळा होई.

घरी येऊन त्याने सांगितलं ते असं. मालाच्या कागदावर तीन चौकटी असतात. पहिलीत पाठवणाऱ्याचं नाव. दुसरीत ज्याला माल द्यायचा त्याचं, तो कन्सायनी. तिसरीत, माल आला एवढं ज्याला नुसतं कळवायचं त्याचं, ती नोटिफाय पार्टी. दुसरी आणि तिसरी यांत भलेभले घोळ घालतात. बिनचूकने हा फरक आजवर शंभरेक नवशिक्यांना पढवला होता. आता, ऑफिसात कोरा फॉर्म कोणीच भरत नसे. जुना उघडायचा, नावं बदलायची आणि नव्या नंबराने ठेवून द्यायचा, अशी पद्धत. बिनचूकच्या संगणकावर घरच्या सामानाचा एकच जुना फॉर्म होता. त्याची थोरली बहीण आठ वर्षांपूर्वी बाहेरदेशीची नोकरी संपवून परतली, तेव्हा तिच्या सामानासाठी केलेला. त्याने तो उघडला. पाठवणारा बदलला, वजन बदललं, तिसऱ्या चौकटीत बायकोचं नाव घातलं, दोनदा तपासलं. मधली चौकट राहून गेली.

"म्हणजे माझं मशीन वन्संच्या नावावर आलंय?"

"नावावर असं नाही. ती कन्सायनी आहे. तू नोटिफाय पार्टी."

"म्हणजे?"

"म्हणजे माल तिला द्यायचा आणि तुला कळवायचं."

"मला कळवलं."

"हो ना. त्या दृष्टीने काम चोख झालंय."

शिवणवालीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसला.

"उद्या सकाळी ऑफिसात सांगा, चूक झाली म्हणून. ते तुमचं पिवळं पत्रक भरा."

"चूक झालेली नाही," नवरा म्हणाला. "कागद बरोबर आहे. एक खाडाखोड नाही त्यात. फक्त माणूस दुसरं आहे."

"अहो!"

"सव्वीस वर्षं! अजून माझं एक पत्रक नाही त्या फलकावर. कालपरवा लागलेली पोरं माझ्या पत्रकापुढे उभं राहून चहा पिणार? ते व्हायचं नाही. एका सहीचा प्रश्न आहे. ताई सही करेल, मी बोलतो तिच्याशी."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. शिवणवाली आणि तिची नणंद सात वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. नणंदेने तीस वर्षं हॉस्पिटलं सांभाळलेली, तेव्हा सगळे तिला मेट्रनच म्हणत. ती परतल्यावर वर्षभराने जुन्या सहकाऱ्यांनी तिचा सत्कार ठेवला. शिवणवालीने आठवडाभर खपून त्या दिवसासाठी तिला कोट शिवला. मेट्रनने तो अंगात घातला, हात वर करून पाहिला आणि भर सभेत म्हणाली, "छान आहे, पण हा घालून सलाइनची बाटली टांगता यायची नाही." सगळे हसले. शिवणवालीही हसली, घरी आली आणि त्यानंतर नणंदेशी एक अक्षर बोलली नाही. आपलं नेमकं काय चुकलं ते मेट्रनने विचारलं नाही, कारण आपलं चुकू शकतं असं वाटण्याची त्या घराण्यात पद्धतच नव्हती.

संध्याकाळी बिनचूक बहिणीकडे पोचला. ती एकटीच राहायची. सगळं घर इस्त्री केल्यासारखं.

"ताई, एक सही हवी होती. एक पेटी आलीये. तुझ्या नावावर आहे, पण तुझी नाही."

"आला होता फोन तुझ्या ऑफिसातून. तिथली मुलगी म्हणाली, तुम्हीच कन्सायनी का? म्हटलं, आजवर तरी नव्हते, पण तू म्हणतेस तर असेन. कन्सायनी म्हणजे काय रे?"

हा प्रश्न विचारला की बिनचूक आपण कशासाठी आलो ते विसरत असे. तो खुर्चीत पुढे सरकला. "तुला समजेल असं सांगतो. हॉस्पिटलात बाळ होतं. ज्याच्या हातात बाळ देतात तो कन्सायनी. ज्याला फोन करून सांगतात, बाळ झालं म्हणून, तो नोटिफाय पार्टी. लोक ह्यातच गल्लत करतात. फोन आला म्हणून बाळ आपलं होत नाही."

"असं होय. म्हणजे बाळ माझ्या हातात द्यायचं आणि तुझ्या बायकोला फोन करायचा."

"कागदावर. तुझं नाव आपलं नावापुरतं."

मेट्रनने चष्मा काढला. तीस वर्षांत मोठमोठे सर्जन ह्या खुणेला दोन पावलं मागे सरत असत. बिनचूक सरला नाही, कारण तो धाकटा भाऊ होता आणि त्याचं लक्ष नव्हतं.

"नावापुरतं," मेट्रन म्हणाली. "सात वर्षं तुमच्या घरात मी दुसरं काय आहे रे? पोरगी पास झाली, कळवलंत. घर बदललंत, कळवलंत. तुझ्या पोटाचं ऑपरेशन झालं, तेसुद्धा चौथ्या दिवशी कळवलंत! मी आयुष्यभर ऑपरेशनच्या टेबलाशी उभी राहिलेली बाई, आणि मला चौथ्या दिवशी! आत्ता कुठे एक वस्तू माझ्या हातात द्यायची असं कागदावर लिहून आलंय, तर म्हणे नावापुरतं."

"ताई, ते शिवायचं मशीन आहे."

"मग शिवीन."

"तुला शिवता येत नाही!"

"माणसं शिवताना पाहिलीत मी. हे तर कापड आहे. ऊठ आता, मला झोपायच्या आधी फिरायला जायचंय."

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडताच मेट्रन ओळखपत्र घेऊन खिडकीशी हजर झाली. पेटी सोडण्याचा कागद करणं हे काम बिनचूकचं. त्याने घसा खाकरला, इकडेतिकडे पाहिलं, "ताई, ऐक ना" असं दोनदा पुटपुटला. मेट्रन म्हणाली, "रांगेत लोक आहेत." नियमाने कन्सायनी समोर उभी होती. त्याने कागद केला. त्यातही एक चूक केली नाही.

दुपारी शिवणवाली त्याच खिडकीशी येऊन उभी राहिली. लग्नानंतर ती पहिल्यांदाच ह्या ऑफिसात आली होती.

"बोला," बिनचूक सवयीने म्हणाला, मग त्याने मान वर केली.

"माझी पेटी न्यायला आलेय."

"तू इथे कशाला... पेटी गेली. ताईने नेली."

"आणि तुम्ही दिलीत?"

"कन्सायनी होती ती! मी काय करणार?"

सबंध ऑफिसचं टायपिंग थांबलं. आतून मॅनेजरबाई आल्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती त्यांनी लपवायचा बराच प्रयत्न केला. "ह्यात कठीण काय आहे? पिवळं पत्रक भरा, मी आजच पाठवणाऱ्यांना मेल टाकते. त्यांची हरकत नसली की दुसऱ्या चौकटीत वहिनींचं नाव येईल. मग माल चुकीच्या पत्त्यावर पोचला असं धरून आपलीच गाडी परत उचलून आणेल. भरताय ना?"

ड्रॉवर उघडून त्यांनी कोरं पिवळं पत्रक काढलंसुद्धा. बिनचूकने त्याच्याकडे पाहिलं, फलकाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं.

"कागद बरोबर आहे," तो म्हणाला.

"मग मी भरते," शिवणवाली म्हणाली. "काय चुकलं ते ठाऊक आहे. कोणाचं चुकलं तेही ठाऊक आहे. पेन द्या."

"ज्याची चूक त्यानेच भरायचं असतं, वहिनी. ह्यांचाच नियम आहे." मॅनेजरबाईंनी पत्रक जड मनाने परत ड्रॉवरमध्ये ठेवलं.

शिवणवाली घरी आली. उरले दहा दिवस. एक दिवस तिने वाट पाहिली, कशाची ते तिलाही सांगता आलं नसतं. नवरा तिच्याशी अत्यंत गोड वागत होता आणि पत्रक भरत नव्हता. आठच दिवस उरले तेव्हा तिने पिशवी भरली. तेलाची कुपी, पेचकस, पाच रिळं, सुयांचं पाकीट, आणि तीस गाऊनचे गठ्ठे.

"ताईकडे चाललीस?" नवरा आशेने म्हणाला. "नीट विनंती कर हं."

"विनंती?" शिवणवाली दारातून म्हणाली. "मी बघायला चाललेय, तिला साधी सुई तरी ओवता येते का ते."

मग पिशवी कशाला, असा प्रश्न नवऱ्याच्या ओठांवर आला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एक विसंगती तशीच जाऊ दिली.

मेट्रनच्या घरी पोचल्यावर शिवणवालीला आधी मेट्रन दिसलीच नाही. दिसली ती पेटी. लाकडी, छातीएवढी, बरोबर उंबरठ्यावर, अर्धी आत अर्धी बाहेर, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दाराची चौकट अशी चिकटलेली की मधून वर्तमानपत्रसुद्धा सरकलं नसतं. पेटीच्या वरून, आतल्या बाजूला, मेट्रनचं डोकं तेवढं दिसत होतं. ती खुर्ची टाकून बसली होती. हातात काठी होती.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सात वर्षांनंतर आधी कोण बोलणार हा प्रश्न होता. शेवटी मेट्रनचा संताप तिच्या निश्चयापेक्षा मोठा निघाला.

"डोअर डिलिव्हरी!" ती म्हणाली. "मी पावतीवर वाचून सही केली. डोअर डिलिव्हरी. मला वाटलं घरात आणून लावून देतील. तो ड्रायव्हर म्हणतो, डोअर म्हणजे दार. दारापर्यंत आणायचं, आत न्यायचं हे वेगळं काम. म्हटलं, मग दाराबाहेर ठेव. तर म्हणतो, बाहेर उतार आहे, पेटी घसरून कोणाच्या अंगावर गेली तर मी जबाबदार. ठेवली दारात आणि गेला!"

"कधी?"

"परवा."

"परवापासून तुम्ही इथे बसून आहात?"

"दार लागत नाही. उघडं घर टाकून कुठे जाऊ?"

"शेजाऱ्यांना हाक मारायची."

"मी?" मेट्रन म्हणाली. "मारणार नाही."

"ऑफिसात फोन करायचा, परत न्या म्हणून."

"तोही करणार नाही. माल माझा आहे."

"असू दे तुमचाच. मी मागायला आलेले नाही."

"मागितलास तरी देणार नाही."

"दिलात तरी नेणार नाही!"

एवढं झाल्यावर दोघींनाही बरं वाटलं. शिवणवालीने पिशवी खाली ठेवली आणि पेटीला एक चक्कर मारायचा प्रयत्न केला. अर्धीच मारता आली. फळ्यांवर पत्र्याच्या पट्ट्या होत्या, खिळे गंजलेले होते.

"पेटीसकट आत जायची नाही," ती म्हणाली. "फोडावी लागेल. ग्रॉसची नेट करायला हवी."

"तूही त्याच्यासारखं बोलायला लागलीस."

"चोवीस वर्षं झाली, वन्सं. हातोडी आहे?"

हातोडी होती. मेट्रनने आतून खिळे उचकटले, शिवणवालीने बाहेरून. मधल्या फळ्या निघाल्या तशा दोघी एकमेकींना आधी गळ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, मग सबंध दिसू लागल्या. मेट्रन वाळली होती. शिवणवालीचे केस अर्धे पांढरे झाले होते. मशीनचं डोकं वेगळं करून दोघींनी उचललं, टेबल एकेका पायावर चालवत आत नेलं आणि खिडकीपाशी उजेडात उभं केलं. तिसऱ्या दिवशी दार लागलं.

मशीन जुनं होतं, पण राबलेलं होतं. हाताळलेल्या लोखंडाला येते ती झिलई त्याच्यावर आली होती. शिवणवाली त्याच्याभोवती एकदा फिरली. तिचा हात आपोआप पिशवीत गेला, तेलाची कुपी बाहेर आली.

"शिवायचं असेल तर इथे शीव," मेट्रन खिडकीबाहेर बघत म्हणाली. "माझं मशीन ह्या घराबाहेर जाणार नाही."

"मी म्हटलं का, मला शिवायचंय म्हणून?"

"तीस गाऊन घेऊन आलीयेस पिशवीत. मी आंधळी नाही."

शिवणवालीने पाच धागे ओवले. एका तुकड्यावर शिवण घातली, दोन्ही हातांनी ताणून पाहिली. शिवण जागची हलली नाही. तिचे आवळलेले दात पंधरवड्यात पहिल्यांदा सैल झाले.

मग कामाला वेग आला. शिवणवाली उजाडताच यायची आणि अंधार पडायच्या आत जायची. मेट्रन धागे कापायची, घड्या घालायची, मोजून गठ्ठे बांधायची. पहिल्याच दिवशी तिने एक गाऊन उलटासुलटा केला आणि बाजूला टाकला.

"बंद आखूड आहेत."

"हॉस्पिटलच्या नमुन्यात एवढेच आहेत."

"नमुना कोणी काढला? ज्याने जन्मात गाऊन बांधला नाही त्याने. ऑपरेशन चालू असताना पाठीमागचा बंद सुटला तर तो बांधायला तू जाणार आहेस का? दोन बोटं वाढव."

"तीनशे गाऊन आहेत, वन्सं! वाढवा म्हणे! एका गाऊनला चार बंद."

"उभी राहा."

मेट्रनने तो गाऊन शिवणवालीच्या अंगावर चढवला, मागून बंद बांधले. "हात वर कर. अजून वर." शिवणवालीने हात वर केले. पाठीमागे गाठ सुटली.

शिवणवालीचे हात तसेच वर होते.

"तो कोट अजून आहे माझ्याकडे," मेट्रन मागून म्हणाली. "थंडीत घालते. हात खाली ठेवते."

शिवणवालीने हात खाली घेतले. तिला वळून काहीतरी बोलायचं होतं, पण गाऊन मागून उघडा होता. ती म्हणाली, "कापडाचे उरलेले तुकडे आहेत. बंद त्यातून काढता येतील." आणि त्या दिवशी दोघींनी मिळून फक्त बंद कापले.

चौथ्या दिवशी खरेदी विभागातल्या माणसाचा फोन आला. शिवणवालीचे हात गुंतलेले होते, तिने फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावला.

"होतंय का काही?" तो माणूस म्हणाला. "नसेल जमत तर आत्ताच सांगा, म्हणजे आम्हाला दुसरीकडे बघता येईल. घरगुती कामाचं असंच असतं."

मेट्रनने फोन उचलला. "कोण बोलतंय? ... मी मेट्रन बोलतेय. तुमच्या गाऊनचे बंद आखूड आहेत, हे ठाऊक आहे का तुम्हाला? नाही? तुमच्या मोठ्या कंपनीला ठाऊक आहे का? तिलाही नाही. आम्ही वाढवलेत. तारखेला माल मिळेल. तोवर फोन करून कामात व्यत्यय आणू नका." आणि फोन ठेवून दिला.

"वन्सं, ते गिऱ्हाईक आहे!"

"म्हणून तर हळू बोलले."

इकडे बिनचूक घरी एकटा पडला होता. सकाळी बायको गठ्ठे घेऊन निघून जायची. चुकीचं बोलायला घरात कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे त्याला दुरुस्त करायला काही नव्हतं. जेवताना समोर खडूचा रिकामा चौकोन दिसायचा. आपल्या बायकोला रोज बहिणीच्या दारी जावं लागतंय, तेही आपल्यामुळे, असं त्याने मनाशी धरलं. बायको येताना गाणं गुणगुणत येते हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. ते कुठल्याच चौकटीत बसत नव्हतं.

सहाव्या दिवशी दुपारी मेट्रनच्या दारावर थाप पडली. बाहेर बिनचूक उभा होता. केस विस्कटलेले, डोळे तांबडे, हातात कागद. त्याच्यामागे ऑफिसची गाडी आणि दोन हमाल.

"झालं!" तो आत येत म्हणाला. "दुरुस्ती झाली! पाठवणाऱ्यांची हरकत नाही म्हणून मेल आला. हे बघ, दुसरी चौकट. तुझं नाव. आता कायद्याने मशीन तुझं. ऑफिसची गाडी आणलीये. चल, घरी न्यायचंय."

शिवणवालीने मशीन थांबवलं. "म्हणजे तुम्ही पत्रक भरलंत?"

"भरलं." त्याचा आवाज चिरकला. "माझ्या अक्षरात. फलकावर लागलंय. लोक त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढतायत. मॅनेजरबाईंनी सगळ्यांना केक वाटला."

शिवणवालीला एकाएकी त्याच्या विस्कटलेल्या केसांवरून हात फिरवावासा वाटला. चोवीस वर्षांत त्याने तिच्यासाठी ह्याहून मोठं काही केलं नव्हतं.

मेट्रनने हातातली कात्री खाली ठेवली. घड्या घातलेल्या गाऊनवरून उगाच एकदा हात फिरवला आणि ती उठली. "ने बाई," ती म्हणाली. "तुझंच होतं. मी आपली सही करून घेतलं होतं." ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथून भांडी घासायचा आवाज येऊ लागला. भांडी सकाळीच घासून झाली होती.

हमालांनी टेबलाला हात घातला.

"थांबा," शिवणवाली म्हणाली. "एकशे नव्वद झालेत. एकशे दहा राहिलेत. तीन दिवस आहेत. मशीन इथून हललं की परत बसवून शिवण जमवायला दोन दिवस जाणार. मग बंद कोण तपासणार? घड्या कोण घालणार? तुम्ही?"

"मी ऑफिसात कळवीन की, सुट्टी घेईन..."

"गाडी परत पाठवा."

"अगं, पण मशीन आता तुझ्या नावावर आहे!"

"तेही बदला. होतं तसं करा. वन्संच्या नावावर."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

बिनचूकच्या तोंडचं पाणी पळालं. "दुरुस्ती रद्द? तुला कळतंय का तू काय बोलतेयस? दुरुस्ती रद्द करायची म्हणजे ती दुरुस्तीच चूक होती असं होतं. त्यासाठी दुसरं पत्रक भरावं लागतं!"

"मग भरा."

"पण ही चूक नाही! आधीची चूक होती! ही चूक दुरुस्त केली ते बरोबर होतं!"

"आधीचं बरोबर होतं," शिवणवाली म्हणाली. "माल जिथे जायला हवा होता तिथेच आला होता. तुम्ही न विचारता दुरुस्त केलंत."

मेट्रन पदराला हात पुसत दारात आली होती. तिने काही विचारलं नाही. टेबलाचा खण उघडला आणि भावापुढे पेन ठेवलं.

बिनचूकने हमालांकडे पाहिलं. हमाल छताकडे पाहू लागले. तो हळूहळू खुर्चीत बसला, बॅगेतून कोरं पिवळं पत्रक काढलं. पहिलं भरताना खराब झालं तर असावं म्हणून त्याने एक जास्तीचं घेऊन ठेवलं होतं. काय चुकलं: दुरुस्ती. कोणाचं चुकलं: ह्या रकान्यात त्याने स्वतःचं नाव आठवड्यात दुसऱ्यांदा लिहिलं, तेही सुवाच्य. तिसऱ्या रकान्याशी पेन अडलं. अकरा वर्षं तो लोकांची कारणं वाचत आला होता. घाई होती. लक्ष नव्हतं. फोन वाजला. ह्यातलं एकही इथे लागू नव्हतं.

"का चुकलं, इथे काय लिहू?"

"लिही," मेट्रन म्हणाली, "घरच्यांना विचारलं नाही."

"ताई, हे ऑफिसचं पत्रक आहे! आणि एवढं ह्या रकान्यात मावणार नाही."

"बारीक अक्षरात लिहा," शिवणवाली म्हणाली आणि तिने एकशे एक्याण्णवावा गाऊन मशीनखाली घेतला.